वाळवंटातली एक रात्र आणि चाळीस लिटर पाणी

२०२२ सालच्या जानेवारीत आमच्या वस्तीतल्या चार घरांनी भिशी लावली. घरटी महिना हजार रुपये. वर्षअखेरीस त्या पैशाचा कोणी दागिना करायचा नाही, कोणी घराचे पत्रे बदलायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून लांबचा प्रवास करायचा, असे ठरले. दीक्षाभूमी, महाड, अजिंठा, वेरूळ ही आपली ठिकाणे सगळ्यांची पाहून झालेली. म्हणून या वेळी मुलांना विचारले. आमची कन्या तेव्हा नववीत होती. तिने भूगोलाच्या पुस्तकातले थरचे वाळवंट काढले आणि "उंटावर बसून जायचे नि रात्री उघड्यावर झोपायचे" असा ठरावच मांडला. विरोधात फक्त आमची सौ. तिचे म्हणणे असे की, उघड्यावर झोपायला पैसे कशाला मोजायचे, गावाकडे निम्मी माणसे उन्हाळ्यात अंगणातच झोपतात. ठराव बहुमताने मंजूर झाला.

आम्ही एकूण दहा जण. आमचे चौघांचे कुटुंब, बस डेपोत मेकॅनिक असलेले आमचे मित्र, त्यांची पत्नी आणि दोन मुले, दवाखान्यात परिचारिका असलेल्या वहिनी आणि शेजारच्या मावशी. मावशींचे वय सत्तरीच्या पुढे. मूळ गाव बीड जिल्ह्यातले, नेसण नऊवारी. "तुम्ही उंटावर बसणार?" असे मुलांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय बाबा. उंट काय खातोय मला?"

मुंबईहून रेल्वेने जोधपूर आणि तिथून दुसऱ्या गाडीने जैसलमेर. वाटेत पोखरण स्टेशन लागते. १९७४ साली आणि पुन्हा मे १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्या ते हेच पोखरण. मुले खिडकीला नाक लावून बसली, पण बाहेर दिसायचे काय, तर खुरटी झुडपे, शेळ्या, काटेरी कुंपणे आणि मधूनच बाजरीचे कापलेले शेत. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हा आपला समज चित्रपटांनी करून दिलेला आहे. प्रत्यक्षात थरचा बराच भाग माळासारखा आहे, आणि जगातल्या वाळवंटांत दाट वस्तीचे म्हणून तो ओळखला जातो. माणसे, गुरे, शाळा, एस.टी. सगळे आहे. फक्त पाऊस नाही. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी दीडशे ते दोनशे मिलीमीटर पडतो. आमच्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता. म्हणजे त्यांचा पाच वर्षांचा पाऊस आम्ही एका दिवसात गटारात सोडला, असे म्हणा ना.

जैसलमेरच्या किल्ल्याविषयी फार लिहीत नाही, त्यावर पुस्तके आहेत. ११५६ सालचा, पिवळ्या दगडाचा, उन्हात सोन्यासारखा दिसणारा आणि आत आजही माणसे राहत असलेला. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. आम्हाला जास्त मोलाचा वाटला तो किल्ल्याबाहेरचा गडीसर तलाव. सगळे शहर शतकानुशतके या एका पावसाच्या पाण्याच्या तलावावर जगले. पुढे इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आले. त्या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले. पंजाबातल्या हरिकेपासून सतलज-बियासचे पाणी शेकडो किलोमीटर या रेतीत आणले आहे.

आता मुख्य गोष्ट. शहरातल्या एका एजंटाने आम्हाला "डेझर्ट कॅम्प" म्हणून जे विकले होते, ते पहिल्या संध्याकाळी पाहिले आणि आमचे चेहरे उतरले. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचे ठिकाण आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्या प्रसिद्ध आहेत. टेकड्या सुंदरच आहेत, त्यांचा दोष नाही. पण पायथ्याशी तंबूंच्या रांगा, कर्णे, जीपगाड्यांची घरघर. रात्री मधल्या चौकात कालबेलिया नाच. नाचणाऱ्या मुली आमच्या कन्येहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, नसतील. घेतलेली माणसे खुर्च्यांवरून नोटा दाखवून त्यांना जवळ बोलावत होती. कालबेलिया हे मूळचे सापवाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापाचा धंदा गेला आणि नाच उरला. २०१० साली त्या नाचाला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. याच समाजात जन्मल्याबरोबर पुरल्या गेलेल्या आणि पुन्हा बाहेर काढल्या गेलेल्या गुलाबो सपेरा यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. कला मोठीच आहे. पण त्या चौकात कला कोण पाहत होते? वहिनी उठल्या आणि मुलींना घेऊन तंबूत गेल्या. आपल्याकडे तमाशातल्या बायकांच्या वाट्याला काय आले ते आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. आम्हीही उठलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबरला, आम्ही एजंटाचा नाद सोडून जैसलमेरच्या नैर्ऋत्येला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या एका लहान गावात गेलो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते का, ते पुढे कळेल. तिथे उंट ठेवणारे एक मालक आहेत. माणशी अठराशे रुपये, दुपारी निघायचे, रात्री टेकड्यांमध्ये मुक्काम, सकाळी परत. कर्णा नाही, तंबू नाही, वीज नाही. सात उंट, सहा बसायला आणि एक सामानाला. लहान मुले दोघे-दोघे एका उंटावर. बरोबर दोन माणसे: मालकाचा विशी-बाविशीचा पुतण्या आणि साठीच्या आसपासचे एक उंटवाले काका. सामानात गोधड्या, पीठ, भाजी, लाकडे आणि वीस-वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन. बारा माणसे, चाळीस लिटर पाणी, वीस तास.

उंटावर बसणे सोपे, उंट उठणे अवघड. तो आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे माणूस तोंडावर फेकला जातो. मग पुढचे पाय सरळ करतो आणि माणूस मागे पडतो. मागे रेलून पलाणाची लाकडी मूठ घट्ट धरायची, हे काकांनी प्रत्येकाला सांगितले आणि प्रत्येक जण विसरला. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, म्हणून होडीत बसल्यासारखे डुलायला होते. पाचवारी साड्या नेसलेल्या आमच्या सौ.ची आणि मित्राच्या पत्नीची फार ओढाताण झाली. मावशी मात्र कासोटा घातलेल्या, घोड्यावर बसल्यासारख्या ऐटीत. पुढे जाणाऱ्या भगिनींनी सलवार-कमीज किंवा नऊवारी न्यावी, मधले काही नेऊ नये. गुडघ्यांना तेल लावायची बाटलीही न्यावी.

काका वाटेने एकेक झाड दाखवत होते. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा त्या सांगऱ्या, वाळवून वर्षभर भाजीला. रुईला ते आक म्हणतात. उंटाच्या पोटाची गोष्टही त्यांनीच सांगितली, की मदारीत पाणी नसते, चरबी असते. पण तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. "अब ऊंट कौन रखता है," म्हणाले. खरे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ च्या गणनेत अडीच लाख भरले. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केले, तरी भार ओढायला ट्रॅक्टर आला आणि उंट पर्यटकांपुरता उरला.

सूर्य मावळायच्या आधी टेकड्यांत पोहोचलो. आणि पहिल्याच अर्ध्या तासात आमच्या चिरंजीवांनी पराक्रम केला. हातपाय धुवायचे म्हणून कॅनचे झाकण काढले, तोंड धुतले, पाय धुतले, झाकण नीट लावले नाही आणि कॅन आडवा झाला. लक्षात येईपर्यंत निम्मा कॅन वाळूने पिऊन टाकला होता. आम्ही त्याच्यावर हात उगारला, खोटे कशाला लिहू. पुतण्या चिडून काही बोलला. काका काही बोलले नाहीत. ते जवळ आले, ओल्या वाळूवर तळहात टेकला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि उंटांकडे निघून गेले. त्या हाताने आमच्या मुलाला जे समजले, ते आमच्या थपडेने समजले नसते.

उरलेल्या तीस लिटरचा हिशेब आम्ही बी.कॉम. या नात्याने हाती घेतला. स्वयंपाकाला दहा, चहाला पाच, बाकी प्यायला. भांडी घासायला शून्य, कारण भांडी तिथे वाळूनेच घासतात. कोरड्या वाळूने पातेले असे लख्ख होते की, राख आणि नारळाची शेंडी वापरलेल्या आमच्या बायका थक्क झाल्या.

पुतण्याने बाजरीच्या जाड भाकऱ्या केल्या. त्या भागात त्यांना सोगरा म्हणतात. बटाट्याची भाजी, लसणीची चटणी. काका लाकडे आणत होते, उंट बांधत होते, पण पिठाला, भाजीला, कॅनला हात लावत नव्हते. कामाची वाटणी असेल असे आम्हाला वाटले. जेवणाआधी त्यांनी पाणी मागितले. शेजारी चार पेले पडले होते. वहिनींनी पेला भरून पुढे केला, तर ते दोन पावले मागे सरले, वाकले आणि ओंजळ तोंडाशी धरली. "ऊपर से डाल दो, बहनजी." वहिनी गोंधळल्या. आम्हीही. पुतण्या त्याच पेल्यांतून मघापासून पाणी पीत होता.

मावशी गोंधळल्या नाहीत. शेकोटीच्या पलीकडून त्या आम्हाला हळूच म्हणाल्या, "ही ओंजळ मी ओळखते." त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर घागर घेऊन लांब उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. तेव्हा त्यांची आई अशीच ओंजळ धरायची, असे त्यांनी सांगितले. आम्ही कचेरीत वीस वर्षे फायली पाहिल्या, चार भाषणेही केली, पण आमच्या डोळ्यांसमोरची ओंजळ आम्हाला दिसली नव्हती.

काकांनी ओंजळीनेच पाणी घेतले. पुतण्या तिथेच बसलेला होता, आम्ही गप्प राहिलो. उद्या आम्ही निघून जाणार, त्यांना त्याच मालकाकडे राहायचे होते. हे शहाणपण की भित्रेपणा, यावर आमचे आणि मित्राचे परतीच्या गाडीत भांडण झाले आणि ते अजून मिटलेले नाही. शेकोटीभोवती मित्राने मुलांना आजची तारीख विचारली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काय झाले आणि त्याआधी त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर काय झाले, ते मुलांना पाठ होते. मराठीत बोलणे चालले होते, त्यातले दोन शब्द काकांनी ऐकले असावेत. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले.

अंधार पडला आणि थंडी आली. कोरडी हवा, आकाशात ढग नाही, त्यामुळे दिवसभराची ऊब वाळू भराभर सोडून देते. दुपारी अनवाणी पायांना गरम लागणारी तीच वाळू रात्री दहाला फरशीसारखी गार. मुंबईचे स्वेटर कामाचे नाहीत. कानटोपी, मोजे, जाड शाल पाहिजेच. बायकांची आणखी एक अडचण स्पष्ट लिहितो, कारण कोणी लिहीत नाही: शौचालय नाही. टेकडीआड बॅटरी घेऊन दोघी-दोघींनी जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. वहिनींनी ठरवून दिले म्हणून निभावले.

चंद्रकोर लवकर बुडाली. मग जे आकाश निघाले, ते आमच्या वस्तीतून आयुष्यात दिसलेले नाही. मृग, व्याध, कृत्तिका, आणि त्या वर्षी रोहिणीच्या भागात तांबडा मंगळ. मुंबईहून आपण उत्तरेला आलेले, म्हणून ध्रुवतारा घरच्यापेक्षा वर दिसत होता. कन्येने बोटांनी मोजून दाखवले. दूर क्षितिजावर मात्र पवनचक्क्यांच्या लाल दिव्यांची रांग उघडझाप करत होती. अगदी निर्जन असे आता फारसे काही राहिलेले नाही.

पुतण्या जेवून गोधडीत शिरला आणि घोरू लागला. काका उंटांपाशी बसून होते. मावशींनी निखाऱ्यावर चहा ठेवला, आपल्या स्टीलच्या पेल्यात ओतला आणि स्वतः नेऊन दिला. "घ्या भाऊ." त्यांनी एकदा गोधडीकडे पाहिले, मग पेला घेतला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो पेला वाळूने घासला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि आमच्या भांड्यांपासून लांब पालथा ठेवला. मावशी उठल्या, पेला उचलला, उरलेला चहा त्यात ओतला आणि तिथेच, त्यांच्यासमोर बसून प्यायल्या. दोघांपैकी कोणी काही बोलले नाही. आम्ही गोधडीतून पाहत होतो.

बऱ्याच वेळाने काकांनी विचारले, "आप लोग कौन?" मावशींची हिंदी ती किती. त्या म्हणाल्या, "बाबासाहेब के." काका हसले. आम्ही मेघवाल, म्हणाले. त्यांचा धाकटा मुलगा जैसलमेरला शिकतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत जातो, घरी फोटो आणून लावला आहे.

सकाळी वाळूवर रात्रभराचे माग उमटलेले होते, उंदराचे, किड्यांचे, एक कोल्ह्याचा. आमच्या गोधड्यांपासून हातभर अंतरावरून कोल्हा गेला होता. माळढोक कुठे दिसेल का, म्हणून मित्राची मुले विचारत होती. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला त्याचे अभयारण्य आहे, हे त्यांनी शाळेत वाचलेले. त्या भागात त्याला गोडावण म्हणतात, तो तिथला राज्यपक्षी. दिसला नाही. आता फार थोडे उरलेत.

परतताना पुतण्या सामानाचा उंट घेऊन पुढे गेला आणि काकांनी आमची रांग थोडी वळवून आपल्या ढाणीवर नेली. ढाणी म्हणजे रानातली चार घरांची वस्ती. मातीच्या गोल भिंती, गवताचे छप्पर, स्वच्छ सारवलेले अंगण. आत भिंतीवर तो फोटो. अंगणाच्या कडेला टांका, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा हौद. भोवतीची जमीन उताराची आणि चोपून पक्की केलेली, पावसाचे पाणी तिच्यावरून गोळा होऊन भोकांतून आत उतरते. वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. साधारण दहा फूट रुंद, दहा फूट खोल. आमचे डोके चालू झाले: बावीस हजार लिटर. घरात आठ माणसे. पावसापासून पावसापर्यंत तीनशे दिवस धरले, तर माणशी रोज नऊ लिटर, आणि त्यातच शेळ्या. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर असा आपल्याकडचा सरकारी हिशेब आहे.

काकांच्या पत्नीने कुलूप काढले, पोहरा सोडला आणि पितळी लोटा भरला. मग लोटा हातात धरून तिने नवऱ्याला काहीतरी विचारले. तो म्हणाला, "पूछ रही है, पियोगे?" मावशींनी लोटा घेतला आणि तोंड लावून प्यायल्या. मग वहिनी, मग मुले, मग आम्ही. पाणी गार, किंचित मातकट, पाच महिन्यांपूर्वीच्या पावसाचे. आमचे चिरंजीव एकच घोट प्यायले आणि उरलेले बहिणीला दिले. दहा जणांनी मिळून पाचेक लिटर संपवले असेल, म्हणजे तिथल्या एका माणसाचा निम्म्याहून जास्त दिवस.

तिने आमच्या सौ.ला विचारले, तुमचे पाणी किती लांब? काका मध्ये बसून भाषांतर करत होते. सौ.ने सांगितले, घरात नळ आहे, सकाळी साडेपाच ते सात पाणी येते, तेवढ्यात भरून ठेवावे लागते, फार धावपळ होते. तिने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "मग बाकीचा दिवस तुम्ही काय करता?"

सौ. उत्तर शोधत होती, तेवढ्यात गावाकडून जीपचा हॉर्न वाजला. निघताना त्या बाईने आमची दोन लिटरची रिकामी बाटली हिसकावूनच घेतली आणि टांक्यातून भरून दिली. नको म्हटले, ऐकले नाही. पैसे देऊ केले ते काकांनी परत खिशात घातले, शाळेला जाणाऱ्या मुलासाठी म्हणून कन्येने आपली पेन-वही दिली तेवढी घेतली. ती बाटली जोधपूर येईपर्यंत मावशींनी कोणाला उघडू दिली नाही.